जळूला कुठला नीरक्षीरविवेक!

लातूरच्या एका मंगल कार्यालयात भरलेल्या मोफत शिबिरात मी आईला घेऊन पुढच्या रांगेत बसलो होतो. माईकवरचे वैद्य तरुण, बोलणं मधाळ. त्यांनी काचेची बरणी वर धरली. आतली हिरवट पाठीची जळू मागच्या टोकानं काचेला चिकटून पुढचं तोंड इकडेतिकडे फिरवत होती, अंधारात दाराची कडी चाचपावी तशी. "ही निसर्गानं दिलेली चाळणी आहे," वैद्य म्हणाले. "चांगल्या रक्ताला ही शिवत नाही. घाण रक्त तेवढंच पिते." टाळ्या पडल्या. आईनं मला कोपर मारलं. "बघ. तू पोरांना बाटलीतल्या मेलेल्या दाखवतोस. हे जितीचं सांगायलेत."

आईचं खरं आहे. बीएस्सीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमधलीच जळू दाखवली. हिरुडिनारिया ग्रॅन्युलोसा, म्हणजे गुराढोरांना लागणारी आपली देशी जळू. एम. एल. भाटिया यांनी १९४१ साली तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि विच्छेदनं बंद होईपर्यंत देशभरच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचं पोट फाडून परीक्षा दिल्या. त्या पोटात काय जातं आणि तिथं त्याचं काय होतं, एवढं तरी मला ठाऊक आहे. शिबिरातलं ते वाक्य पुढे मी नांदेडला एका पाटीवर वाचलं, उदगीरला लग्नाच्या पंगतीत ऐकलं. शिकलेली माणसंही ते बिनदिक्कत बोलतात. वाक्य छोटं, गोड आणि साफ चूक आहे. चूक असून निरुपद्रवी असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

आधी ज्यांच्या नावावर हे वाक्य खपवलं जातं त्यांचं काय म्हणणं आहे ते बघू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला तेरावा अध्याय जळवांचा आहे. जळू लावली, ती धरेना, तर काय करावं? सुश्रुत सांगतात, त्या जागी दुधाचा नाहीतर रक्ताचा थेंब सोडावा, म्हणजे ती धरते. आता ज्या प्राण्याला घाणीचीच ओढ आहे त्याला दुधाचं आमिष कशाला? पुढे ते सांगतात, लावलेल्या जागी खाज सुटली, टोचायला लागलं, की ती आता शुद्ध रक्त पिते आहे असं समजावं आणि सैंधव भुरभुरून तिला सोडवावं. हे वाक्य शिबिरातल्या वैद्यांनी परीक्षेसाठी नक्की पाठ केलेलं असणार. जळू शुद्ध रक्त पिते, वैद्यानं लक्ष ठेवून तिला वेळेवर उठवलं पाहिजे, हे खुद्द सुश्रुत म्हणतात. वाग्भटांनी हंसाचा दाखला दिला आहे, तो सगळ्यांना आवडतो. दूधपाण्यातून हंस दूध घेतो तशी जळू मिसळलेल्या रक्तातून दूषित रक्त आधी घेते. मला तो दाखला काव्य म्हणून पटतो, शास्त्र म्हणून नाही. हंसालाही दूधपाणी वेगळं करता येत नाही. पण तोही सोडून द्या. वाग्भट 'आधी' म्हणतात. 'तेवढंच' हा शब्द आपण घुसडला आहे, आणि तो घुसडल्यावर पाहायचं, मोजायचं, वेळेवर थांबवायचं सगळं काम वैद्याच्या डोक्यावरून उतरून जळूच्या डोक्यावर गेलं.

जळू रक्त कशावरून ओळखते? ऊब आणि चव. प्रयोगशाळेत कोमट मिठाच्या पाण्यात आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल मिसळून ते पातळ पडद्याआड ठेवलं, तर युरोपातली औषधी जळू तेही पोट टम्म होईपर्यंत पिते. त्या पाण्यात ना शुद्ध ना अशुद्ध, रक्ताचा थेंबही नसतो. तिच्या तोंडात तीन जबडे, प्रत्येकावर करवतीसारखी बारीक दातांची ओळ. त्यांनी ती कातडीला तीन टोकांची चीर पाडते आणि समोर येईल ते ओढून घेते. निवडायला तिच्याकडे वेळ नसतो आणि अवयवही नसतो. एकदा पोट भरलं की पुढचे कित्येक महिने तिला जेवण मिळेल की नाही याची शाश्वती नाही. असा प्राणी ताटात नखरे करत नाही.

यावर एक हमखास उत्तर येतं. "मग अमक्याला लावली तर धरली नाही, तमक्याला लगेच धरली, हे कसं?" पहिल्यानं सकाळी गुडघ्याला बाम चोळला होता, असं बहुतेक वेळा निघतं. साबण, तेल, अत्तर, मलम यांचा वास जळूला सहन होत नाही. वैद्य मात्र सांगतात, "तुमचं रक्त शुद्ध आहे," आणि माणूस खूश होऊन घरी जातो.

माझं लहानपण नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. गावाबाहेर तळं होतं. दुपारी म्हशी त्यात डुंबायला उतरायच्या आणि बाहेर आल्या की मांड्यांच्या आत, कासेला, एखाददुसरी जळू लोंबत असायची. गुराखी मिठाचा खडा चोळायचा, मीठ नसलं तर तोंडातल्या तंबाखूची पिंक. जळू गळून पडायची आणि त्या जागेवरून रक्ताची बारीक धार चिखलापर्यंत जायची. त्यातली एक म्हैस आमची होती. दोन्ही वेळचं मिळून आठ-नऊ लिटर दूध द्यायची, आणि तिच्या दुधावर आम्ही चार भावंडं वाढलो. तिचं रक्त घाण होतं, असं म्हणायचं धाडस करणाऱ्यानं आमच्या आजीसमोर येऊन ते म्हणायला हवं होतं.

घाण रक्ताचा सगळ्यात परिणामकारक 'पुरावा' मात्र डोळ्यांना दिसतो. जळू सुटली की तिच्या तोंडाला हळद लावतात, शेपटीकडून तोंडाकडे हळूहळू दाबत आणतात आणि वाटीत तिला ओकायला लावतात. वाटीत घट्ट, काळपट रक्त पडतं. वाटी रुग्णापुढे धरली जाते. "बघा काय साठलं होतं आत!" बघणारा शहारतो आणि त्याला बरंही वाटतं. आता ही वाटी नीट बघू. तपासणीसाठी दंडातून सुईनं घेतलेलं रक्तसुद्धा नळीत काळपट लालच दिसतं. शिरेतलं रक्त तसंच असतं. जळूच्या पोटात गेल्यावर रक्तातला उरलासुरला प्राणवायू संपतो. शिवाय जळू पोट भरल्यावर लगोलग त्यातलं पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लागते, म्हणून रक्त आटीव दुधासारखं दाटतं. विद्यार्थी असताना मी एकदा स्वतःच्या पोटरीला जळू लावून घेतली होती. विशीतली धडधाकट पोटरी. वाटीत पडलं ते डांबरासारखंच. कोणाच्याही वाटीत तेच पडेल. त्या रंगातून रुग्णाबद्दल काहीही कळत नाही.

आता आईची गोष्ट. यात माझी चूक वैद्यांच्या चुकीहून मोठी आहे, म्हणून ती सांगायला जड जाते. त्या दिवशी तिच्या गुडघ्याला तीन जळवा लावल्या. नोंदणीच्या कागदावर नाव, वय, गाव, मोबाइल नंबर आणि 'त्रास किती दिवसांपासून' एवढेच रकाने होते. चालू औषधं कुठली, असा रकाना नव्हता. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसल्यापासून आई रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. जळूच्या लाळेत हिरुडिन असतं, ते रक्त गोठू देत नाही, हे मी वर्गात फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. तरी मी उठून बोललो नाही. भर मांडवात, टाळ्या वाजत असताना, मध्येच तोंड घालणं बरं दिसलं नसतं.

जळवा पोट भरून आपोआप गळाल्या, पट्टी बांधली, आम्ही घरी आलो. रात्री दीडला आईनं हाक मारली. पट्टी, साडी, चादर, गादीचा कोपरा, सगळं ओलं. मी पट्टीवर पट्टी बांधत होतो आणि ती खालून भिजत होती. शिबिराच्या कागदावरच्या नंबरला फोन केला. झोपेतला आवाज म्हणाला, "घाण निघतेय, निघू द्या. थांबवू नका." मी पुन्हा गोळीचं सांगितलं. तोच आवाज, तेच वाक्य. पहाटे एका दवाखान्यात घट्ट दाबपट्टी बांधून अर्ध्या तासात रक्त थांबवलं. आई पुढचे आठ दिवस भिंत धरून चालत होती.

जळू स्वतः पाच ते पंधरा मिलिलिटर रक्त पिते. ती सुटल्यावर जखम सहा-आठ तास, कधी दिवसभर झिरपत राहते आणि त्यात त्याहून जास्त जातं. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण आमच्याकडे शिबिराला येतं कोण? दिवसभर ऊस तोडलेल्या, सोयाबीन काढलेल्या, गुडघे गेलेल्या बायका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. ज्यांच्या अंगात मुळात रक्त कमी, त्यांना 'तुमच्यात घाण रक्त साठलंय, ते काढू' असं सांगायचं! पांडुरोगी, क्षीण आणि गर्भिणी यांच्या बाबतीत रक्त काढायला सुश्रुतांनीच मनाई केली आहे. पण मनाई पाळायची तर आधी रुग्णाच्या पापणीची आतली बाजू बघावी लागते, हिमोग्लोबिन तपासावं लागतं. चाळणीच लावायची असेल तर हा खटाटोप कोण करणार?

दुसऱ्या बाजूचेही एक मित्र आहेत, त्यांचं थोडक्यात आटपतो. ते म्हणतात, "जळू म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, वैदूंचा धंदा." त्यांनी एखाद्या मोठ्या प्लास्टिक सर्जरी विभागात चौकशी करावी. तुटलेलं बोट किंवा कान पुन्हा जोडल्यावर धमनी जुळते, पण बारीक शिरा लगेच जुळत नाहीत. रक्त आत येतं आणि परत जायला वाट नसते. अवयव निळा पडून सडायला लागतो. तिथं जळू लावली की ती साठलेलं रक्त ओढते, आणि सुटल्यावर तिच्या लाळेमुळे जखम झिरपत राहते, तोवर नव्या शिरा तयार होतात. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या दोन शल्यविशारदांनी १९६० साली हे लिहून ठेवलं. १९८५ साली बोस्टनला एका लहान मुलाचा तुटलेला कान याच उपायानं वाचला. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जळूला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. जर्मनीत २००३ साली गुडघेदुखीच्या ५१ रुग्णांवर एक चाचणी झाली. जळू लावलेल्यांची वेदना आठवड्यानंतर मलम लावणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती. चाचणी लहान होती, आणि आपल्याला जळू लावली की मलम हे रुग्णाला दिसत होतं, त्यामुळे मनाचा भाग किती हे सांगता येत नाही. तरी ती केराच्या टोपलीत टाकण्यासारखी नाही. १८८४ साली हेक्राफ्ट यांनी जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असल्याचं दाखवलं, १९५० च्या दशकात मार्कवार्ट यांनी ते शुद्ध रूपात वेगळं काढलं, आणि त्याच धर्तीवर बनलेलं बायव्हॅलिरुडिन आज अँजिओप्लास्टीत वापरतात. जळूची ताकद तिच्या लाळेत आहे. जिथं ती खरोखर उपयोगी पडते तिथं रक्त घाण आहे म्हणून पडत नाही. रक्त तुंबलं आहे म्हणून, किंवा लाळेतलं द्रव्य कामाचं आहे म्हणून पडते. 'तुंबलेलं' याला 'दूषित' म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. पण मग ज्याचं रक्त तुंबलेलंच नाही त्याला जळू लावू नका.

'परदेशातही वापरतात' हे वाक्य पाटीवर छापणाऱ्यांनी परदेशातला पुढचा भागही छापावा. पॅरिसमध्ये ब्रूसे नावाचे डॉक्टर जवळजवळ प्रत्येक रोगावर जळवा लावायला सांगत. त्या वेडापायी फ्रान्सनं एकट्या १८३३ साली चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या. युरोपातली तळी उपसली गेली. मग पिएर लुई नावाच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली, रुग्ण मोजले. कोणाचं रक्त कधी काढलं, कोण जगलं, कोण गेलं. १८३५ साली त्यांनी आकडे छापले आणि रक्त काढण्याचा गाजावाजा किती पोकळ होता ते दिसलं. तिकडच्या 'घाण रक्ता'ची गोष्ट अशी संपली. आज तिथली इस्पितळं जळू वापरतात ती एका रुग्णाला एकदाच, मग अल्कोहोलमध्ये मारून टाकतात. सोबत प्रतिजैविक देतात, कारण जळूच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जिवाणू कायमचे वस्तीला असतात. ते रक्त पचवायला तिला मदत करतात आणि माणसाच्या जखमेत गेले तर ती चिघळवतात. जळू कितीही स्वच्छ पाण्यात ठेवली तरी हे भाडेकरू घर सोडत नाहीत. मधुमेहानं पायाची जखम भरत नाही अशा माणसाला 'जळू लावून बघू' म्हणणाऱ्यानं हे आधी वाचावं. शिबिराच्या पत्रकात तर मधुमेह 'मुळापासून बरा' करण्याचं आश्वासन होतं. अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तो भाग वेगळाच.

आणि जळू कुठली? हा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि मला सगळ्यात खटकतं ते हेच. सुश्रुतांनी बारा जळवा सांगितल्या, सहा विषारी, सहा निर्विष. कुजलेले मासे, बेडूक आणि मलमूत्र असलेल्या पाण्यातल्या नकोत, कमळं आणि शेवाळ असलेल्या निर्मळ पाण्यातल्या हव्यात. ओल्या कातड्यानं धराव्यात, नव्या मडक्यात तळ्याचंच पाणी आणि चिखल घालून ठेवाव्यात, पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावं, मडकं सात दिवसांनी. निर्विष सहांतली कपिला म्हणे मुगाच्या रंगाच्या पाठीची, कडांना मनशीळ फासल्यासारखी. आपल्या गुरांच्या जळूची पाठ हिरवट आणि कडा नारिंगी असतात, त्यामुळे हीच ती कपिला असं म्हणायचा मोह मलाही झाला आहे. पण रंगावरून जात ठरवणं धोक्याचं. युरोपात औषधी जळू म्हणून विकली जाणारी जळू बहुतांशी वेगळ्याच जातीची आहे, हे २००७ साली जनुकं तपासल्यावर उघड झालं, आणि तोवर तिथल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. बारांतली सावरिका ही सर्वांत लांब, अठरा अंगुळं. ती सुश्रुत माणसाला लावतच नाहीत. ती जनावरांसाठी.

हे सगळं ज्यानं इतक्या बारकाईनं पाहिलं त्याच्या नावानं आपण काय पाहतो? कोकणात, घाटांत पावसाळ्यात बुटात शिरते ती जमिनीवरची जळू वेगळी, तिच्याशी या औषधी जळूचा संबंध नाही, एवढंही शिबिरातल्या कोणाला सांगता आलं नाही. आमच्या जळूला साचलेलं गोडं पाणी लागतं, काठची ओली माती लागते, कारण अंडी ती पाण्यात न घालता काठच्या मातीत कोष करून घालते. आणि डुंबणारं जनावर लागतं. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्रासारखी तळी, गोदावरीचे आणि आसनेचे डोह, मांजरेच्या काठची दलदल या तिच्या जागा. त्याच मांजरेचं धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जळू उन्हाळा चिखलात रुतून काढते, पण चिखलही तडकला तर तिनं कुठं जावं? नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही आहे. दोन्हीकडच्या चार-चार विद्यार्थ्यांनी एका पावसाळ्यात तळी फिरून जळवा गोळा केल्या, जाती ओळखल्या, पोटातले जिवाणू तपासले, तर शंभर शिबिरांनी होणार नाही एवढं काम होईल. सुश्रुतांचा तेरावा अध्याय पाठ करायला वर्गात बसलं तरी चालतं. तो पाळायचा तर चिखलात उतरावं लागेल.

आई हिंडूफिरू लागल्यावर मी त्या तरुण वैद्यांना भेटायला गेलो. भांडायला नाही गेलो, आणि तेही वाईट माणूस निघाले नाहीत. गोळीचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. रात्रीचा फोन त्यांच्या मदतनिसानं उचलला होता. मी म्हणालो, "वैद्यराज, तुम्ही 'तेवढंच' म्हणता तो शब्द फक्त काढा." ते म्हणाले, "सर, तो काढला तर माणसं घाबरतात." मी म्हणालो, थोडं घाबरलेलं बरं, घाबरलेला माणूस आपल्या गोळ्या सांगतो. ते हसले, पण वाक्य मागे घेतो असं काही म्हणाले नाहीत.

टेबलावर नवी बरणी होती. आतली जळू शिबिरातल्या जळूच्या दुप्पट तरी लांब. मी विचारलं, ही कुठली, कुठल्या पाण्यातली? त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी लगेच पुरवठादाराला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि माझाच प्रश्न त्याला विचारला. पलीकडून ट्रकच्या भोंग्यांच्या गोंगाटात आवाज आला, "पाण्याचं काय साहेब, पाणी सगळीकडं सारखंच. आता मोठ्याच हायेत बगा. बारक्या संपल्यात."